पाणी आणि कॅमेरा: एका सॅकेतले दोन भाडेकरू

«ताई, मी कोथरूडला राहतो, वय चौतीस. आठवड्यातून दोनदा ऑफिसच्या आधी वेताळ टेकडीवर सायकल घेऊन जातो. रविवारी पानशेत, मुळशी, नाहीतर सिंहगडाच्या पायथ्याच्या कच्च्या वाटा. सायकल हार्डटेल, म्हणजे शॉकअप फक्त पुढे; फ्रेमवर बाटलीची एकच जागा. कॅमेरा निकॉनचा डी५६००, सोबत १८-५५ (जवळच्या, रुंद दृश्यांची) आणि ७०-३०० (लांबचं जवळ आणणारी) अशा दोन लेन्स. आजवर कॅमेरा लॅपटॉपच्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून नेत होतो. गेल्या महिन्यात सारखी काढ-घाल करायचा कंटाळा आला म्हणून गळ्यात अडकवला आणि एका उतारावर तो हँडलवर आपटला. लेन्स वाचली, तिच्या तोंडावरचं हूड तुटलं. आता तीन लिटर पाण्याची हायड्रेशन सॅक (आत पाण्याची पिशवी आणि प्यायला नळी असलेली) घ्यावी म्हणतो, म्हणजे पाणी आणि कॅमेरा दोन्हीची सोय होईल. कोणती घेऊ? बायको म्हणते, फोनवर काढ की फोटो. — चढावर दमलेला»

दमलेले महाशय,

आधी उत्तर देऊन टाकते, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे. तीन लिटरची घेऊ नका. आणि जी घ्याल ती कॅमेरा डोळ्यासमोर ठेवून घ्या, पाण्याची सोय नंतर बघता येते. तुम्ही नेमकं उलट निघाला आहात.

हायड्रेशन सॅकचा जन्म कसा झाला ते ऐकण्यासारखं आहे. १९८९ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या उन्हाळ्यात, शंभर मैलांच्या एका सायकल शर्यतीत मायकेल आयडसन नावाचा गडी उतरला होता. तो रुग्णवाहिकेवर काम करणारा. त्याने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, ती एका लांब मोज्यात घातली, मोजा पाठीवर शर्टाला लावला आणि नळी खांद्यावरून पुढे आणून चिमट्याने अडकवली. पुढे त्याचीच कॅमलबॅक कंपनी झाली. सांगायचा मुद्दा असा, की ही वस्तू फक्त पाणी वाहायला जन्माला आली. पंप, ट्यूब, केळी, जॅकेट हे सगळे नंतर घुसलेले. आणि कॅमेरा तर पोटभाडेकरू. मालकाला त्याच्यासाठी वेगळी खोली बांधायचं कधी सुचलंच नव्हतं. त्यामुळे साध्या हायड्रेशन सॅकमध्ये कॅमेरा घातलात तर तो पंपाशेजारी, ब्लॅडरच्या, म्हणजे पाण्याच्या पिशवीच्या, पायाशी, कुठेतरी कोपऱ्यात राहणार.

आता तुमचं ओझं मोजू. डी५६०० बॅटरी आणि कार्डासकट ४६५ ग्रॅम. १८-५५ साधारण २०५ ग्रॅम आणि ७०-३०० साधारण ४१५. म्हणजे कॅमेऱ्याचा सगळा संसार जेमतेम अकराशे ग्रॅमचा. तीन लिटर पाणी मात्र तीन किलो. त्यावर ट्यूब, पंप, पान्यांचा संच, सॅकचं स्वतःचं वजन धरलं की पाच-साडेपाच किलो पाठीवर. आत्ताच चढावर दमता, ही सॅक घेतलीत तर आणखी दमाल.

एवढं पाणी लागतं का पण? दमदार सायकल चालवताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, एप्रिल-मेच्या उन्हात थोडं जास्तच. वेताळ टेकडीवर तुम्ही सकाळी तास-दीड तास असता, तेव्हा फ्रेमवरची एक मोठी बाटली पुरते. ब्लॅडर घरी राहू द्या. रविवारच्या तीन-चार तासांसाठी फ्रेमवर एक बाटली आणि पाठीवर दीड लिटर, बास. पानशेतच्या रस्त्याला चहाच्या टपऱ्या आहेत, हॉटेलं आहेत, वाटेत गावं आहेत. पाणी वाटेत मिळतं, कॅमेरा मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळंच पाणी बाटलीत नेतो. नेलं असतं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात बाटलीचं तोंड कशाकशाने माखतं हे तुम्ही पाहिलं असेलच. गुरांची वाट आणि सायकलची वाट एकच. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल म्हणजे नुसती माती नसते, त्यात शेण-मूत असतं, आणि लेप्टोच्या, म्हणजे जनावरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाच्या, दिवसांत ते ओठाला लावणं हा वेडेपणा आहे. नळीच्या तोंडावर टोपण असलं तर हा प्रश्न सुटतो. शिवाय खडकाळ वाटेवर हात हँडलवरून फार वेळ न उचलता पिता येतं. म्हणून ब्लॅडर हवाच, फक्त लहान, आणि रविवारच्या फेरीपुरता.

आता भांडणाचं मूळ. माझी स्वतःची गोष्ट सांगते. ताम्हिणीच्या अलीकडे एका कच्च्या उतारावर मी मजेत खाली येत होते. पाठ ओली वाटली, पण पाठ ओलीच असते, घाम असणार म्हणून दुर्लक्ष केलं. खाली आल्यावर चेन उघडली तर सॅकच्या तळात चांगलं वाटीभर पाणी, आणि त्यात बसलेली माझी लेन्स. दोष कोणाचाच नव्हता, माझाच. सकाळी अंधारात ब्लॅडरचं झाकण तिरकं बसलं होतं. आट्यावर आटा नीट बसला नाही की झाकण घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि खड्ड्याखड्ड्याला थेंब थेंब सोडतं. त्या लेन्समध्ये पुढच्या पावसाळ्यात बुरशीचं जाळं धरलं, ते दुरुस्तीवाल्याने काढून दिलं तरी डाग राहिला. अजून ठेवली आहे ती, रागाने.

तेव्हापासून माझे दोन नियम. पहिला: पाणी आणि कॅमेरा यांच्यामध्ये भिंत हवी. नुसतं जाळीचं कापड नाही, जलरोधक कापडाचा वेगळा खण, आणि त्याला वरून वेगळी चेन. दुसरा नियम जरा गावठी वाटेल, पण माझा एवढ्या वर्षांत त्याने घात केलेला नाही. सगळे लोक कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात. त्याने कॅमेरा काढणं कठीण होतं आणि घामाची वाफ आत कोंडते. मी कॅमेऱ्याला मोकळं ठेवते आणि ब्लॅडरला जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते, तोंड वर करून. ब्लॅडर गळतो तो बहुतेक वेळा तळाशी, नळी जोडलेली असते तिथे, नाहीतर झाकणातून. दोन्हीकडचं पाणी त्या पिशवीतच जमतं. नळी वरून बाहेर येते. उभ्या आयुष्यात पिशवीत पिशवी घालण्याची सवय आपल्या आयांनी लावली ती अशी कामाला येते.

भरण्याचीही एक रीत आहे. पाणी भरून झाकण लावलं की ब्लॅडर उलटा धरा आणि नळीतून ओढून आतली हवा काढून टाका. हवा गेली की पाणी डुचमळत नाही, आणि सॅक वळणावर तुम्हाला ढकलत नाही. मग घरीच, निघायच्या आधी, ब्लॅडर वर्तमानपत्रावर आडवा ठेवून तळहाताने दाबा. कागद ओला झाला तर त्या दिवशी कॅमेरा घरी. बर्फ घालत असाल तर तेही बंद करा. गार ब्लॅडरला दमट हवेत घाम फुटतो, कोकणात उतरलात तर फारच, आणि तो ओलावा शेजारच्या कॅमेऱ्याच्या अंगावर जातो. आणखी एक: सॅक जमिनीवर टेकवताना नळीचं तोंड खाली दाबलं गेलं तर ब्लॅडर शांतपणे रिकामा होत राहतो. बंद करायचा खटका असलेली नळी घ्या, आणि तो खटका वापरा.

आता पडण्याबद्दल. पत्रात याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि मला याचीच जास्त काळजी आहे. डोंगरवाटेवर सायकल चालवणारा माणूस पडतो. कधी बाजूला, कधी मागे. मागे पडलात आणि मणक्याच्या बरोबर वर कॅमेऱ्याची कडक बॉडी असेल, तर कॅमेरा फुटला हे तुमचं सगळ्यात छोटं नुकसान असेल. बऱ्याच सॅकमध्ये ब्लॅडर पाठीला लागून असतो आणि कॅमेरा त्याच्या बाहेर. भरलेला ब्लॅडर ही फार चांगली गादी आहे. पण रविवारचा विचार करा: सकाळी चढताना ब्लॅडर भरलेला असतो, तेव्हा तुम्ही ताशी सात किलोमीटरने जात असता. उतरताना वेग असतो, थकवा असतो, आणि ब्लॅडर रिकामा असतो. गादी नेमकी तेव्हा नसते.

म्हणून सॅकच्या पाठीकडच्या बाजूला जाड, न दुमडणारा फोम हवा. काही सॅकमध्ये मणक्याचं खास संरक्षक कवच शिवलेलंच असतं. एव्हॉक ही जर्मन कंपनी त्यासाठी ओळखली जाते. अशा कवचांसाठी ईएन १६२१-२ हे युरोपीय मानक आहे, लेबलवर तो आकडा शोधा. महाग पडतं. तुम्ही मोठ्या उड्या मारणारे नसाल तर जाड फोमवर भागेल, पण मग एक पथ्य पाळा: पान्यांचा संच, पंप, कुलूप असलं टोकदार सामान मणक्यावर नको. ते फ्रेमला बांधा नाहीतर सीटखालच्या छोट्या पिशवीत टाका. कॅमेराही शक्यतो मधोमध नको, कमरेच्या उंचीला एका कुशीकडे असला तर बरं.

आणि ही कुशीची जागा दुसऱ्या कारणानेही मोलाची. तुम्ही कॅमेरा गळ्यात का अडकवलात? कारण प्रत्येक वेळी सॅक उतरवा, छातीचा पट्टा सोडा, कमरेचा सोडा, चेन उघडा, टॉवेल उलगडा, तोवर मोर झाडीत गेलेला असतो. वेताळ टेकडीच्या खाणीकडे सकाळी मोर दिसतात तुम्हाला, दिसत असणारच. तो तुमच्यासाठी पंधरा सेकंद थांबेल, जास्त नाही. सॅक उतरवावी लागत असेल तर तुम्ही दोनच गोष्टी करता: कॅमेरा धोक्याने बाहेर लटकवता, किंवा फोटो काढणंच सोडून देता. म्हणून माझ्या लेखी पहिली कसोटी ही, की एक खांदा मोकळा करून सॅक पुढे फिरवली आणि बाजूच्या दाराने कॅमेरा हातात आला पाहिजे. लोवेप्रोच्या फोटोस्पोर्ट सॅक याच बेताच्या आहेत: बाजूला दार, खाली कॅमेऱ्याचा गादीदार कप्पा, आणि ब्लॅडरसाठी वेगळी जागा. माइंडशिफ्ट या कंपनीने तर सॅकच्या तळातली कमरपिशवीच फिरून पोटावर येईल अशी सॅक काढली होती, रोटेशन १८० नावाची. कुठे जुनी चांगल्या अवस्थेत मिळाली तर बघा, कल्पना फार सुरेख आहे.

सगळं नवंच घ्यायला हवं असं नाही. डेकॅथलॉनमधली सायकलची मध्यम सॅक आणि त्यात वेगळा घेतलेला कॅमेऱ्याचा गादीदार डबा, या जोडीवर मी दोन वर्षं काढली. फक्त ती सॅक वरून उघडणारी होती, म्हणून मोर गेले.

मापाकडे या. ७०-३०० लावलेला तुमचा कॅमेरा, झाकणासकट, साधारण वीस सेंटिमीटर लांब भरतो. कप्पा त्याहून किंचित मोठा हवा, आणि लेन्स लावलेल्या अवस्थेतच कॅमेरा आत गेला पाहिजे. कारण धुळीच्या वाटेवर लेन्स बदलायची नाही. मी तर म्हणते दोन लेन्स नेऊच नका. टेकडीवर मोरांसाठी ७०-३००, पानशेतच्या पाण्यासाठी १८-५५, घरून निघतानाच ठरवा. दोन्ही नेल्या की माणूस दिवसभर चुकीची लेन्स लावलेली सापडतो. मग तुमची गरज पंधरा लिटरच्या आसपासच्या सॅकने भागते (हे पाण्याचं नाही, सॅकच्या पोटाचं माप). वीसच्या वर गेलात तर मोकळी जागा दिसते म्हणून तुम्ही ती भरणार, मी ओळखते.

दुकानात जाताना कॅमेरा, लेन्स, दोन भरलेल्या लिटरच्या बाटल्या आणि हेल्मेट घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू दे. सॅक भरा, हेल्मेट घाला, पट्टे आवळा आणि उतारावर बसता तसे वाकून मान वर करा. हेल्मेटची मागची कड सॅकला लागली तर ती सॅक ठेवून द्या, कितीही सुंदर असली तरी. उतारावर मान वर होत नसेल तर दहा फुटांपुढचं दिसत नाही. ट्रेकच्या उंच सॅक इथेच नापास होतात. मग जागच्या जागी चार उड्या मारा. कमरेचा पट्टा रुंद असेल तर वजन कमरेच्या हाडांवर बसतं, खांदे मोकळे राहतात. नुसती फीत असेल तर ती पोटात रुतते आणि सॅक मानेपर्यंत उडते. छातीचा पट्टा वर-खाली सरकणारा हवा. पाठीला हवा खेळण्यासाठी जाळीचा ताण दिलेल्या सॅक ट्रेकला छान, पण त्यात वजन पाठीपासून लांब जातं आणि सायकलवर ते डुलतं. थोडा घाम सोसा, वजन अंगाला चिकटलेलं आणि खाली ठेवा.

पुढच्या हँडलला कॅमेऱ्याची पिशवी लावू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. डांबरी रस्त्यावर खुशाल लावा. दगडगोट्यांवर नको. तुमचे गुडघे आणि कोपर हे तुमच्या सायकलवरचे सगळ्यात उत्तम शॉकअप आहेत, आणि पाठीवरच्या कॅमेऱ्याला त्यांचा फायदा मिळतो. हँडलवरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक दगड सरळ कळतो.

पावसाळ्यात काय करायचं? डी५६०० हा पाण्याधुळीपासून सील केलेला कॅमेरा नाही, हे ध्यानात असू द्या. मुळशीच्या धो धो पावसात मी तरी तो नेणार नाही. श्रावणातल्या ऊन-पावसात न्यायचा असेल तर रेनकव्हर हवं, पण रेनकव्हर बाजूचं दार झाकतं आणि पाठीकडून घाम येतच राहतो, म्हणजे ते अर्धंच काम करतं. त्याहून स्वस्त आणि कामाची वस्तू म्हणजे मागच्या चाकाचं मडगार्ड. सॅकवर येणारा निम्मा चिखल आभाळातून नाही, तुमच्याच चाकातून येतो.

घरी आलात की आंघोळीच्या आधी कॅमेरा सॅकमधून बाहेर काढा. हे एक काम नेमाने केलंत तर माझ्या लेन्ससारखी वेळ येणार नाही. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून त्यात कॅमेरा ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले असं समजा, आणि तापवून वाळवा नाहीतर बदला. ब्लॅडरमध्ये साधं पाणीच घाला. लिंबू सरबत, ओआरएस, जे काही गोड-खारट असेल ते फ्रेमवरच्या बाटलीत. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ब्लॅडर आणि नळी धुवा, आणि वाळत घालताना तो आतून चिकटू नये म्हणून मी त्यात ताकाची रवी उभी करते. आमच्या घरी यावरून बोलणी खाल्ली आहेत मी, पण यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

राहिला तुमच्या पत्नीचा मुद्दा. त्या निम्म्या बरोबर आहेत. पानशेतचं पाणी, ढग, सायकल दगडाला टेकवून काढलेला फोटो, हे सगळं फोनवर उत्तम येतं. मोर येत नाही. तेव्हा मोराचा बेत नसेल त्या दिवशी फोन न्या, सॅक हलकी ठेवा, आणि त्यांना सांगा की तुमचं ऐकलं. फक्त फोन हँडलवर लावू नका. मोटरसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा २०२१ मध्ये खुद्द ॲपलने दिला होता. सायकलला इंजिन नाही हे खरं, पण सिंहगडाच्या पायथ्याच्या वाटांना दगड आहेत.

खरेदीची घाई नको. येत्या दोन रविवारी आहे त्याच बॅगेत दीड लिटर पाणी आणि एकच लेन्स घेऊन जा, आणि दिवसभरात किती वेळा कॅमेरा काढावासा वाटला ते मोजा. पाचपेक्षा कमी वेळा वाटला तर बाजूच्या दाराच्या महागड्या सॅकची गरज नाही, गादीदार डबा पुरेल. वीस वेळा वाटला तर पैसे खर्च करा.

हूडचं मात्र आजच बघा. ते तुटलं म्हणून तुम्ही हळहळताय, पण हँडलचा मार त्याने खाल्ला म्हणून लेन्सची काच शाबूत आहे. सॅक दिवाळीनंतर आली तरी चालेल, हूड रविवारच्या आधी आणा.